‘डान्स कॅम्प’ला गेलेली मुलगी

कॅम्पचा पत्ता त्यांनी लेखी दिलाच नाही. ईमेलमध्ये टॉर्च, टोपी, सनस्क्रीन, शुक्रवारसाठी पांढरे कपडे, स्लीपिंग बॅग, सगळं होतं, फक्त जागेचं नाव नव्हतं. मग एका संध्याकाळी फोन आला. पलीकडच्या बाईने आधी माझी जन्मतारीख विचारली, मग लेकीची, आणि मग आवाज खाली आणून पत्ता सांगितला. “प्लीज, कुणाला फॉरवर्ड करू नका,” ती म्हणाली. मी तो भाजीच्या यादीमागे लिहिला आणि यादी पिठाच्या डब्याखाली सरकवली. ज्या ठिकाणाचं नाव चारचौघांत घेता येत नाही, तिथे पोटची पोर दहा दिवस पाठवायची? हा कुठला शहाणपणा?

पण पोरीने हट्टच धरला होता.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. एवढं सांगितलं की निम्म्या मराठी माणसांच्या भुवया वर जातात आणि गोऱ्या ज्यूंच्या तर सगळ्यांच्याच. आमच्यात सांगतात, फार फार पूर्वी अलिबागजवळ एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, त्यांचे आम्ही. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने आम्हाला नाव दिलं शनवार तेली. आडनावं गावांवरून पडली, त्यामुळे आमच्याही आडनावाच्या शेपटाला ‘कर’ आहे. मी ठाण्याची, नवरा पेणचा. घरात बोलणं मराठी, भांडणं त्याहून मराठी. इथे परदेशात, केलीव्हिलला, आमच्या रस्त्यावर चार मराठी घरं आहेत. त्या चारही घरांना गेली आठ वर्षं वाटतंय की आम्ही त्यांच्यातलेच, कुठले तरी कोकणातले. मी कधी कुणाला दुरुस्त करायला गेले नाही.

खोटं बोलले नाही हां मी. समोरचा जे समजतोय ते समजू दिलं, एवढंच. दोन घरं सोडून माझी एक मैत्रीण राहते, पुण्याची, मनाने अगदी लाख बाई. तिने एकदा विचारलं, “तुमचं कुलदैवत कुठलं गं?” मी म्हटलं, “अलिबागकडचं.” ती म्हणाली, “वा! जागृत असणार.” मी म्हटलं, “फारच.” घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग बातम्या यायला लागल्या. आज कुठल्या भिंतीवर काहीबाही लिहिलं, उद्या कुठल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, दाराशी आग लावली, परवा कुणाच्या शाळेच्या बसवर कोणी अंडी फेकली. आमचं सिनेगॉग घरापासून तासाभरावर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या दारावर कानात वायर घातलेले तगडे लोक आधीपासून असायचे, आता त्यांची संख्या दुप्पट झाली. माझी पर्स त्यांना इतर बायकांच्या पर्सपेक्षा जरा जास्त वेळ तपासावीशी वाटायची. मला राग येत नव्हता. तपासा बाबांनो, उलटीपालटी करून तपासा, असंच वाटायचं. आत बसल्यावरसुद्धा माझं लक्ष प्रार्थनेत नसायचं, दार कुठल्या बाजूला उघडतं ते मी बघत बसायचे.

एका रविवारी मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आमच्या दाराच्या चौकटीवरची मेझुझा काढली. मेझुझा म्हणजे बोटभर लांबीची नळी, आत प्रार्थनेची गुंडाळी असते, ज्यूंच्या घराच्या दाराला लावतात. ती मी आत हॉलमध्ये, कोटांच्या खुंटीमागे लावली. बाहेर दोन भोकं दिसायला लागली, म्हणून इंडियन दुकानातून प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण आणून वरून टांगलं. मैत्रीण म्हणाली, “किती छान दिसतंय गं दार!” लेक शाळेतून आली, तोरणाकडे बघितलं, भोकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दप्तर घेऊन खोलीत गेली.

त्याच आठवड्यात मी तिला बसवून सांगितलं. “हे बघ, बाहेर कुणी विचारलंच, तर म्हणायचं, वी आर इंडियन, फ्रॉम मुंबई. यात खोटं काय आहे?”

“इट्स हाफ,” ती म्हणाली.

“अर्ध्यात जीव वाचत असेल तर पूर्ण कशाला सांगायचं? म्हण बघू.”

आणि मी ते तिच्याकडून म्हणून घेतलं. एकदा नाही, चार वेळा, पाढे म्हणून घेतात तसं. चौथ्या वेळी तिचा चेहरा अगदी कोरा होता आणि वाक्य अगदी सहज आलं. मला हायसं वाटलं. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा खरंच हायसं वाटलं होतं.

ती पंधरा वर्षांची आहे. कॅम्पला का जायचंय, असं विचारल्यावर ती म्हणाली, “आई, शाळेत मी एकटी ज्यू. सिनेगॉगमध्ये मी एकटी ब्राऊन. मला दहा दिवस अशा ठिकाणी राहायचंय जिथे एक्सप्लेन करावं लागणार नाही.”

“अगं, तिथे तर जास्तच करावं लागेल.”

“मग निदान खरं ते तरी एक्सप्लेन करीन.”

माझी भीती एक नव्हती, दोन होत्या, आणि दुसरी मी तिला सांगू शकत नव्हते. पहिली बाहेरच्यांची. दुसरी आतल्यांची. माझ्या एका काकांना तिकडे इस्राएलमध्ये लग्नाच्या वेळी म्हणे विचारलं होतं, तुम्ही नक्की ज्यू का, आज्यापणज्यांचे कागद आणा. काका म्हणाले, आमच्या पणज्या घाणा चालवायच्या, कागद नव्हे. घरात हा किस्सा हसत सांगायचे, पण सांगून झाल्यावर काका उठून आत निघून जायचे ते मी पाहिलं होतं. माझ्या पोरीला कुणी असं विचारलं तर? तंबूत, चार मुलींच्या देखत, ‘पण तू खरी आहेस का?’ असं विचारलं तर? बाहेरचा माणूस दगड मारेल, हे मी समजू शकते. घरातल्याने विचारलं की तू कोण, तर माणूस जाईल कुठे?

निघायच्या आदल्या दिवशी मी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, आणि ताटात वरून पाच फळं. प्रवास असो, आजारपण असो, परीक्षा असो, आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात आणि नवस बोलतात. मी बोलले, पोर धड परत येऊ दे. नवऱ्याने प्रार्थना म्हटली. तेवढ्यात बेल वाजली. मैत्रीण धण्याची पूड परत द्यायला आली होती. तिने पोह्यांची वाटी हातात घेतली, कपाळाला लावली आणि खाल्ली.

“काय सुरेख झालाय प्रसाद! कशाचा गं?”

“लेक चाललीये बाहेर. म्हणून केला.”

“अय्या, कुठे?”

लेक फ्रिजला टेकून उभी होती. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, “डान्स कॅम्पला.”

“हो का! भरतनाट्यम?”

“हो, म्हणजे, मिक्स असतं.”

आठ वर्षांत मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं धडधडीत खोटं. लेकीने आपली वाटी उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली.

रविवारी सकाळी बस सुटली. मुलं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आई-बाप हसत होते, आणि प्रत्येक बापाची नजर मधूनच रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येत होती. मुलांचे फोन गोळा करून एका निळ्या डब्यात ठेवले. लेकीच्या गटाची लीडर एकोणीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकणारी, केसांना रिबन, हातात यादी. “नो वरीज, आम्ही काळजी घेऊ,” ती मला म्हणाली. एकोणीस वर्षांची! तिची काळजी कोण घेणार होतं? बसच्या काचेतून लेकीने हात केला. ती हसत होती, आणि तिचं ते हसू बघूनही मला भीतीच वाटली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या आठवड्यात मी प्रत्येक बाटलीवरचं लेबल तीन-तीनदा वाचलं, कारण एकदा वाचून डोक्यात काही शिरतच नव्हतं. घरी आले की बातम्या. नवरा रिमोट लपवून ठेवायचा, मी फोनवर बघायचे. “अगं, काही झालेलं नाहीये,” तो म्हणायचा. मी म्हणायचे, “झालेलं नाही की कळलेलं नाही?” बिचारा हात टेकायचा.

गुरुवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. आज दुपारी कुंपणाबाहेर एक गाडी थांबली होती, दोन माणसांनी मुलांशी बोलण्याचा प्रयत्न केला, माणसं निघून गेली, पोलिसांना कळवलं आहे, सर्व मुलं सुरक्षित आणि आनंदात आहेत. सही, आणि खाली निळा हार्ट.

आनंदात! मी मेसेज इतक्यांदा वाचला की शब्दांचा अर्थच लागेना. ‘मुलांशी’ म्हणजे कुणाशी? ‘बोलण्याचा’ म्हणजे काय? नवऱ्याने फोन करून विचारलं, तिकडून तेच उत्तर, काळजी करू नका. त्याला ते पुरलं. मला नाही पुरलं.

शुक्रवारी सकाळी मी सिकी टाकली, म्हणजे आजारी असल्याची रजा घेतली, आणि गाडी काढली. नवरा ड्राइव्हवेत आडवा उभा राहिला. “तुला बघून ती लाजेने मरेल. सगळ्यांसमोर आई न्यायला आली म्हणून.”

“लाजेने मेलेली चालेल मला. बाजूला हो.”

तीन तासांचा रस्ता. उन्हाने डांबर चमकत होतं, दोन्ही बाजूंना गमट्रीज, म्हणजे निलगिरीची झाडं, आणि वाळलेलं गवत, आणि मागे एखादी गाडी जास्त वेळ राहिली की मी वेग कमी करून तिला पुढे जाऊ द्यायचे. पिठाच्या डब्याखालची यादी मांडीवर होती. शेवटचा फाटा मातीचा होता. त्याच्या टोकाला एक लोखंडी गेट, पाटी नाही, काही नाही. गेटशी टोपी घातलेला, पन्नाशीचा, हातात वॉकीटॉकी घेतलेला एक माणूस उभा होता.

“हरवलात का?” त्याने विचारलं.

“नाही. मुलीला न्यायला आलेय.”

“इथे काय आहे असं तुम्हाला वाटतंय?”

त्याला ‘ज्यू’ हा शब्द माझ्या तोंडून आधी हवा होता. आणि मी तो कसा उच्चारणार? हा कोण, कुणाचा, मला काय ठाऊक? काल कुंपणाशी आलेले ते दोघं असेच टोपीवाले नसतील कशावरून? मी काच अर्धी वर घेतली. मग त्याने विचारलं, “मॅम, तुम्ही नक्की कोण?” आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

“वी आर इंडियन. फ्रॉम मुंबई.”

तो एक पाऊल मागे सरला. मला म्हणाला, इंजिन बंद करा आणि गाडीतच बसा. मग माझ्याकडे पाठ न करता तो वॉकीटॉकीत बोलला, एकटी बाई आहे, इंडियन, आत मुलगी आहे म्हणते. त्याने माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढला. मी काच खाली करून ओरडले, “अहो, माझी मुलगी आहे आत!” त्याने फक्त हात दाखवला, थांबा. एसी बंद, वर ऊन मी म्हणतंय, आणि मी त्या गाडीत भाजत बसले. आपण कोण हे सांगायची वेळ आली आणि आपण नेमकं दुसरंच सांगितलं, हे डोक्यात हळूहळू शिरायला लागलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. “ऐक, घाबरू नकोस, पण ग्रुपवर मेसेज आलाय. गेटवर कोणी अनोळखी बाई आलीये, खबरदारी म्हणून सगळ्या मुलांना हॉलमध्ये बसवलंय. तू कुठवर पोचलीस? गेटच्या जवळ जाऊ नकोस.”

“अरे बाबा, ती बाई मीच आहे!”

तो हसायला लागला, त्याला आवरेना. मी हमसाहमशी रडायला लागले. आत दीडशे पोरं खिडक्या लावून जमिनीवर बसली होती, लहानगी घाबरली असतील, कुणी रडत असेल, आणि त्यांना घाबरवणारी मी होते.

वीसेक मिनिटांनी रिबनवाली लीडर यादी घेऊन धावत आली. तिने आडनाव वाचलं, लायसन्स बघितलं, मला ओळखलं, आणि गेट उघडलं. तो टोपीवाला कुणा मुलाचा बाप होता, रजा काढून पहारा करायला आला होता. ओशाळून म्हणाला, “सॉरी हं. पण तुम्ही सुरुवातीलाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही का नाही सांगितलंत?” मी म्हटलं.

त्याने मला पाण्याची बाटली दिली.

लीडर माझा हात धरून म्हणाली, “तुमची मुलगी काल अमेझिंग होती, खरंच.” आणि मग मला कळलं की ‘मुलांशी’ म्हणजे माझ्याच मुलीशी. दुपारी ती दोन नऊ-दहा वर्षांच्या मुलींना घेऊन कुंपणाजवळच्या नळावर बाटल्या भरायला गेली होती. गाडी थांबली. दोघं उतरले, एकाने फोन समोर धरला, दुसरा कुंपणाला ओठंगून म्हणाला, कसला कॅम्प आहे हा, ज्यूंचा ना? माझ्या लेकीने त्या दोघींना पाण्याच्या टाकीमागे ढकललं, स्वतः पुढे झाली, आणि हसून म्हणाली, “नाह, मेट. वी आर इंडियन. फ्रॉम मुंबई. डान्स कॅम्प.” त्यांनी तिचा चेहरा बघितला, एकमेकांकडे बघितलं आणि ते गेले.

“तिला हे सुचलं तरी कसं!” लीडर म्हणाली. “डान्स कॅम्प! रात्री आम्ही सगळ्यांसमोर तिला उभं केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बघा, सांगत नव्हते मी! माझं वाक्य कामी आलं. माझ्या पोरीला कुणी हात लावला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात लेक आली. पाठीवर सॅक, हातात गुंडाळलेली स्लीपिंग बॅग. मी येणार हे माहीत नसतानाही सामान तिने सकाळीच भरून ठेवलं होतं. लीडर दचकली. “अगं, आज शब्बाथ आहे, तू मेणबत्त्या लावणार होतीस ना?” शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून सुरू होतो. लेकीने नकारार्थी मान हलवली आणि गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली.

“मला घरी ने,” ती म्हणाली.

मला हवं होतं ते विनासायास पदरात पडलं. मी टोपीवाल्याच्या वहीत सही केली, गाडी वळवली आणि निघाले. देवाचे आभार मानत होते मी. मातीचा रस्ता संपेस्तोवर ती काचेबाहेर बघत होती. हायवे आला तिथे मी थांबले, डावी-उजवीकडे बघितलं, आणि ती बोलायला लागली.

“आई, सोमवारी रात्री मी त्यांना सगळं सांगितलं होतं. गलबत, सात बायका, तेल, शनवार तेली, सगळं. दे लव्ह्ड इट. दोन तास विचारत होते. कुणी म्हटलं नाही की तू खरी आहेस का. एकानेही नाही.”

म्हणजे माझी दुसरी भीती फुकटची होती. मी काही बोलणार तर ती थांबेचना.

“आणि काल ते आले आणि मी एका सेकंदात सगळं पुसून टाकलं. मला विचारसुद्धा करावा लागला नाही. इट जस्ट केम. दुसऱ्या कुठल्याही मुलीला ते जमलंच नसतं. त्यांना ज्यू असावंच लागतं, दिसतंच ते. मला नको असेल तेव्हा मी नसते. मग मी त्यांच्यातली कशी?”

“अगं, तू त्या पोरींना वाचवलंस. जीव वाचवायला आपल्या धर्मात सगळं—”

“माहितीये. सगळ्यांनी तेच सांगितलं.” तिने मला मध्येच तोडलं. “रात्री त्यातली एक छोटी माझ्या शेजारी ब्रश करत होती. नऊ वर्षांची आहे ती. म्हणाली, तू खरंच ज्यू आहेस, की आम्हाला पण नुसतं तसं सांगितलंस? आई, मला उत्तरच आलं नाही. मला खरंच कळेना, कुणाला खरं सांगितलं आणि कुणाला नुसतं सांगितलं.”

मागून ट्रकने हॉर्न दिला. मी गाडी कडेला घेतली. मला माझाच इतका संताप आला की स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. काकांना परक्यांनी विचारलं होतं, कागद आणा म्हणून. माझी पोर स्वतःच स्वतःकडे कागद मागत होती, आणि तिला तसं करायला कुणा गोऱ्याने, कुणा गुंडाने शिकवलं नव्हतं. मी शिकवलं होतं, घरात, चार वेळा म्हणून घेऊन. आत्ता हिला घरी नेलं तर ती धडधाकट राहील. मैत्रिणीकडे जाईल, पोहे खाईल, डान्स कॅम्प कसा झाला विचारल्यावर छान झाला म्हणेल. आणि आयुष्यभर तेच म्हणत राहील.

मी गाडी परत वळवली.

“आई, काय करतेस?”

“तू परत जायचंस.”

“नको! मी नाही जाणार. तूच मला न्यायला आली होतीस ना?”

“आले होते. मूर्ख आहे मी. ऐक आता. ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं. मी भित्री आहे. सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत मी घाबरलेली असते, आणि ती भीती मी तुझ्या तोंडात घातली. तू जा आणि त्या छोटीला सांग, माझी आई घाबरते. तिने मला ते बोलायला शिकवलं. आणि आम्ही ज्यू आहोत. तिन्ही खरंच आहे.”

ती रडत होती. मीही रडत होते, आणि रडता रडता ओरडत होते. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बाई पोरीला मारतेय की काय. गेटशी आलो तेव्हा टोपीवाला वॉकीटॉकी तोंडाशी नेता नेता थांबला.

लेक उतरली नाही. तिने नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“ते परत आले तर? तर मी काय म्हणू?”

देवा रे. माझ्या अंगातला कण न् कण ओरडत होता, तेच म्हण. तेच म्हण माझ्या सोन्या, हस, पुढे हो आणि म्हण, इंडियन, मुंबई, डान्स, काय वाटेल ते म्हण, पण जिवंत ये. ओठांपर्यंत आलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला कळत होतं की मी आत्ता जे सांगेन तेच ती बोलेल.

“माझं वाक्य म्हणू नकोस,” मी म्हटलं. “दुसरं माझ्याकडे नाहीये. तुझं तू ठरव.”

तिने सॅक खांद्याला लावली, दार उघडलं आणि गेली. टोपीवाल्याने गेट उघडलं आणि तिच्यामागे लगेच लावलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

चार दिवस बाकी होते. ते मी कसे काढले ते माझं मला माहीत. लोक विचारतात, मग काय झालं, आली ना धड? आली. पण मला अजून त्या गेटशीच बसल्यासारखं वाटतं. माझ्या पोरीला वाचवेल असं एकच वाक्य माझ्याकडे होतं, ते एकदा कामीही आलं होतं, आणि ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि तिला रिकाम्या हाताने आत पाठवलं.